पार्किंगमध्ये एकही तडा नव्हता

१० जुलै २०२४ ला सकाळी सव्वासातच्या सुमारास हिंगोली जिल्ह्यात ४.५ तीव्रतेचा भूकंप झाला. नांदेड-परभणीची माणसं घराबाहेर आली. त्याच वर्षी २१ मार्चला तिकडंच, तेवढ्याच तीव्रतेचा धक्का बसून गेला होता, त्यामुळं या वेळी धास्ती जरा जास्त होती. लातुरात काही पडलं-झडलं नाही. पण नांदेडच्या पाहुण्यांचे फोन आले, लोकांनी आपापल्या भिंतींकडं निरखून पाहिलं आणि त्या आठवड्यात तीन सोसायट्यांनी इमारती तपासणारा इंजिनिअर म्हणून मला बोलावलं. त्यातल्या तिसरीचं हे प्रकरण.

इमारत शिकवणी वर्गांच्या भागापासून चालत दहा मिनिटांवर. खाली पार्किंग, वर तीन मजले, मजल्यावर चार असे १२ फ्लॅट. १९९९ चं बांधकाम. सात फ्लॅटमध्ये कुटुंबं राहतात. उरलेले पाच बाहेरगावच्या विद्यार्थ्यांना भाड्यानं दिलेले, एकेका खोलीत तीन-तीन कॉट. सगळी मिळून सत्तरेक माणसं. सोसायटीचे सचिव निवृत्त मुख्याध्यापक, त्यांना सगळे गुरुजीच म्हणतात. फोनवर त्यांनी एवढंच सांगितलं, "साहेब, वरच्या मजल्याला लई भेगा पडल्यात. एकदा बघून जावा."

भेगा होत्या, खोटं नाही. तिसऱ्या मजल्यावरच्या काकूंनी स्वयंपाकघरातलं कपाट सरकवून मला भिंत दाखवली. स्लॅबच्या खाली, भिंत जिथं बीमला टेकते तिथं, टोकापासून टोकापर्यंत आडवी रेघ. हॉलच्या कोपऱ्यात कॉलम आणि विटांच्या भिंतीच्या सांध्यात उभी रेघ. खिडकीच्या वरच्या कोपऱ्यातून निघालेली एक तिरकी. काकूंनी उभ्या भेगेत पोस्टकार्ड घालून दाखवलं, अर्धा इंच आत गेलं. "आता सांगा, हिथं झोपावं का नाही?"

मी झोपा म्हणालो. आडवी रेघ उन्हाची होती. आपल्याकडं मे महिन्यात गच्चीचा स्लॅब तापून फुगतो, रात्री आकसतो, खालची भिंत तेवढी हलत नाही, आणि पंचवीस वर्षांच्या त्या ओढाताणीत सांधा सुटतो. कॉलमजवळची उभी रेघ म्हणजे वीट आणि काँक्रीट या दोन वेगळ्या मालांवर एकच प्लास्टर चढवल्याचा परिणाम; सांध्यावर जाळी मारली असती तर दिसलीही नसती. खिडकीची तिरकी रेघ लिंटेलच्या, म्हणजे खिडकीवरच्या आडव्या पट्टीच्या, टोकाची, जुनीच, तिच्यावर रंगाचे दोन थर बसलेले होते. भूकंपानं भिंत तडकते तेव्हा भेगा कर्णावर जातात, बहुतेकदा दोन्ही दिशांनी, फुलीसारख्या. तशी एकही फुली त्या इमारतीत नव्हती.

गुरुजींचा चेहरा सैल झाला. "म्हणजे बिल्डिंग ठीक आहे." मी म्हणालो, तेवढ्यावरून तसं म्हणता येणार नाही, मला पार्किंग बघू द्या. ते हसले. "पार्किंगमध्ये काय बघणार? तिथं एकबी तडा नाही."

भिंतच नाही तर तडा कशाला जाणार

पार्किंगमध्ये २४ कॉलम. लांबीच्या दिशेनं सहा, रुंदीच्या दिशेनं चार रांगा. कॉलमचं माप २३० बाय ४५० मिलिमीटर. मागच्या बाजूला जिन्याची खोली आणि मीटरची एक कोंदट जागा सोडली तर चारी बाजू मोकळ्या. दहा-बारा दुचाकी, पाच कार, एका कोपऱ्यात मेसच्या डब्यांच्या पिशव्या लटकवायच्या खुंट्या.

वरचे तिन्ही मजले विटांच्या भिंतींनी गच्च भरलेले. बाहेरच्या भिंती नऊ इंची, आतल्या साडेचार इंची. नकाशा काढताना या भिंतींकडं आपण फक्त वजन म्हणून बघतो. प्रत्यक्षात बीम-कॉलमच्या चौकटीत घट्ट बसलेली विटांची भिंत आडव्या धक्क्याला कर्णावरच्या तिरक्या टेकूसारखी अडवते. म्हणून वरचे तीन मजले मिळून एक कडक खोकं होतं आणि ते खोकं २४ बारीक पायांवर उभं राहतं. जमीन हलली की खोकं आत वाकत नाही, जेवढं वाकायचं तेवढं सगळं पायांनी वाकायचं. २६ जानेवारी २००१ ला भूजच्या भूकंपात केंद्रापासून दोनशे किलोमीटरहून दूर असलेल्या अहमदाबादेत चार-पाच मजली इमारती बसल्या, त्यात अशाच मोकळ्या तळमजल्याच्या कितीतरी होत्या. वरचे मजले अख्खे होते, पार्किंग तेवढं नाहीसं झालं होतं.

या कॉलममध्ये आणखी एक गोष्ट आहे, ती गुरुजींना मी खडूनं फरशीवर काढून दाखवली. २४ पैकी २० कॉलमची लांब बाजू इमारतीच्या रुंदीच्या दिशेनं आहे. वरच्या खोल्यांच्या भिंतींत कॉलम लपावेत, फर्निचरला कोपरा बाहेर येऊ नये, म्हणून तसं करतात. पण ४५० ची बाजू ज्या दिशेला, त्या दिशेला तोच कॉलम जवळजवळ चौपट ताठ असतो. म्हणजे लांबीच्या दिशेनं धक्का आला तर २० कॉलम आपल्या अशक्त अंगावर उभे आहेत.

मागच्या मीटरच्या जागेत तिसरी भानगड होती. तिथं कॉलमच्या मध्ये छातीइतकी भिंत बांधून वर हवेसाठी जाळी सोडलेली. अर्धा कॉलम भिंतीत अडकला की मोकळा उरलेला तुकडा आखूड होतो. कॉलमची मोकळी उंची निम्मी झाली तर ताठपणा आठपट होतो. तो तुकडा शेजाऱ्यांपेक्षा कितीतरी जास्त बळ स्वतःवर ओढून घेतो आणि वाकायच्या आधी कापला जातो. जिन्याच्या अर्ध्या वळणावरचा बीम ज्या दोन कॉलमना मध्यावर येऊन मिळतो, त्यांचंही तेच.

किल्लारीनंतरचं काँक्रीट

३० सप्टेंबर १९९३. गणपती विसर्जन करून लोक झोपले आणि पहाटे चारच्या काही मिनिटं आधी जमीन हलली. मी तेव्हा तिसरीत, औसा तालुक्यात आजोळी होतो. आमचं माळवद अर्धं आत बसलं. आम्ही ओसरीत झोपलो होतो म्हणून वाचलो. दगड-मातीच्या दोन-दोन फुटी भिंती, वर लाकडी तुळयांवर मातीचा जाड थर. उन्हाळ्यात गार, पण हलल्यावर सगळं वजन अंगावर. हजारो माणसं त्याखाली गेली. ५२ गावं उठवून नव्या जागी वसवावी लागली.

त्या पहाटेनंतर आमच्या भागात दगडावरचा विश्वास उडाला आणि तो जसाच्या तसा काँक्रीटवर जाऊन बसला. "स्लॅबचं घर आहे, कॉलमचं आहे, काय बी होत नसतंय," हे वाक्य मी महिन्यातून चार वेळा तरी ऐकतो. या बारा कुटुंबांनी २००० मध्ये फ्लॅट घेतले तेही याच भरवशावर. गुरुजींचं गाव निलंगा तालुक्यातलं. गावातलं दगडी घर विकून त्यांनी इथं पहिला हप्ता भरला होता.

मात्र कागद वेगळं बोलतात. गुरुजींकडं मूळ नकाशांची एक गुंडाळी होती, वाळवीनं कडा खाल्लेली. नकाशे १९९९ चे. त्या वेळी चालू होतं १९८४ चं भूकंप मानक, आणि त्याच्या नकाशात लातूर होतं झोन १ मध्ये, म्हणजे देशातल्या सगळ्यात कमी धोक्याच्या पट्ट्यात. किल्लारी होऊन सहा वर्षं झाली तरी छापील नकाशाला किल्लारी ठाऊक नव्हती. २००२ च्या मानकात झोन १ काढून टाकला आणि हा परिसर झोन ३ मध्ये आला. १९९९ च्या हिशोबानं या इमारतीला वजनाच्या एक ते दोन टक्के आडवं बळ धरायला हवं होतं. नकाशात तेवढंही धरल्याची खूण नाही, कॉलमची मापं फक्त वरून खाली येणाऱ्या भारावर काढलेली दिसतात. २०१६ च्या मानकाच्या हिशोबानं ते बळ पावणेसात टक्क्यांच्या आसपास जातं. काँक्रीटला लवचिकपणा यावा म्हणून सळई कशी बांधायची ते सांगणारं १३९२० हे मानक १९९३ चंच आहे. पण अशा साध्या रहिवासी इमारतीला लातुरात ते तेव्हा बंधनकारक नव्हतं.

हे मी सोसायटीच्या बैठकीत मुद्दाम सांगितलं, कारण बिल्डरला शिव्या द्यायला सुरुवात झाली होती. त्यानं काही ठिकाणी हात आखडता घेतला होता, ते पुढं येईलच. पण नियम म्हणून जे मोडलं असं लोक समजत होते, त्यातलं बरंचसं तेव्हा नियमच नव्हतं.

कॉलम उघडला तेव्हा

सोसायटीनं तपासणीला होकार दिला. सळई शोधायचं यंत्र फिरवून जागा ठरवल्या आणि मिस्त्रीला छन्नी-हातोडी घेऊन तीन कॉलम पायथ्याशी आणि दोन कॉलम माथ्याशी उघडायला सांगितलं. जागा मुद्दाम अशा निवडल्या. कॉलम मध्यावर सहसा मोडत नाही, मोडतो तो टोकांना.

पहिला कॉलम पार्किंगच्या दर्शनी कोपऱ्यातला. प्लास्टर निघालं, मग कव्हर, म्हणजे सळईवरचा काँक्रीटचा थर. कव्हर ४० मिलिमीटर हवं होतं, एका बाजूला ५५ निघालं आणि दुसऱ्या बाजूला १५. सळयांचा पिंजरा ओतताना एकीकडं सरकला होता. उभ्या सळया सहा, चार कोपऱ्यात पाच सुती (सुत म्हणजे इंचाचा आठवा भाग), मधल्या दोन चार सुती. गंज वरवरचा. मग उभ्या सळयांना बांधून ठेवणाऱ्या रिंगा दिसल्या. दोन सुती, म्हणजे सहा मिलिमीटर जाड. पहिल्या दोन रिंगांमध्ये अंतर २१०, पुढं २४०, पुढं २३०. आज कॉलमच्या टोकांना हे अंतर १०० मिलिमीटरच्या वर जाऊन चालत नाही, बारीक कॉलमला त्याहूनही कमी लागतं. रिंगेची दोन्ही टोकं काटकोनात वाकवून नुसती आडवी सोडलेली. आणि पायथ्याच्या उभ्या सळयांचा सगळा जोड तिथंच, फरशीच्या वर दोन फुटांत.

आमचा मिस्त्री वाकून बघत होता. म्हणाला, "साहेब, तवा समदे असंच करायचे." खरं होतं ते.

त्या काटकोनी टोकानं काय बिघडतं, ते गुरुजींना कळेना. ते शेतकऱ्याचे पोर, म्हणून मी कडब्याच्या पेंढीचं उदाहरण दिलं. पेंढीचा बंध घट्ट आहे तोवर तिच्यावर माणूस उभा राहिला तरी ताटं फाकत नाहीत. बंधाचं टोक नुसतं खोचलेलं असेल तर जरा दाब आला की ते सुटतं आणि ताटं चहूकडं पसरतात. कॉलममध्ये ताटं म्हणजे उभ्या सळया आणि आतलं काँक्रीट, बंध म्हणजे रिंग. मोठा धक्का आला की बाहेरचं कव्हर आधी गळून पडतं. कव्हर गेलं की काटकोनी टोकाला धरून ठेवणारं काहीच उरत नाही, ते उघडतं. टोक १३५ अंशांत वाकवून आतल्या काँक्रीटमध्ये खुपसलं असेल तर कव्हर गेल्यावरही बंध टिकतो. भूकंपात काँक्रीटची इमारत तडकते, हे गृहीतच आहे. आपण पूर्ण बळ धरून डिझाइन करतच नाही. साध्या चौकटीला एक तृतीयांश बळ धरतो आणि बाकीचं ती वाकून, तडकून पचवील असं मानतो. वाकायची ही ऐपत रिंगा देतात. वाकताना रिंग सुटली तर तो एक तृतीयांशचा हिशोब कुणाच्या जिवावर केला, हा प्रश्न येतो.

कॉलमच्या माथ्याशी उघडल्यावर बीम-कॉलमच्या सांध्यात एकही रिंग सापडली नाही. पाचव्या उघडलेल्या जागी सांध्याच्या खाली मूठभर हनीकोंब होतं, खडी नुसती एकमेकींना टेकलेली, मध्ये मोकळ्या जागा. सेंट्रिंगच्या तळाशी लाकडाचा एक तुकडाही निघाला. तो गुरुजींनी खिशात घातला.

काँक्रीटच्या ताकदीबद्दल थोडक्यात सांगतो. हातोड्यासारख्या रिबाउंड यंत्रानं २४ ते २६ आकडा दिला आणि सगळे खूश झाले. मी झालो नाही. जुन्या काँक्रीटचा पृष्ठभाग हवेतल्या कार्बन डायऑक्साइडनं कडक होतो आणि यंत्र फक्त पृष्ठभाग ऐकतं. ध्वनिलहरीचा वेग सेकंदाला २.९ ते ३.३ किलोमीटर आला. ३ च्या खाली शंका घ्यावी आणि ३.५ च्या वर चांगलं म्हणावं असा ठोकताळा आहे. शेवटी तीन कोअर, म्हणजे काँक्रीटमधून कापलेले गोल नमुने, काढून लॅबला दिले. नकाशात एम १५ लिहिलेलं, म्हणजे ताकद चौरस मिलिमीटरला १५ न्यूटन; कोअरचे आकडे १३.१, ११.६ आणि ९.८. सरासरी साडेअकरा. लातुरात १९९९ मध्ये हातानं कालवलेलं काँक्रीट, उन्हाळ्यातली ओतणी आणि पाणी मारायला पाणीच नाही, या तिन्ही गोष्टी त्या साडेअकरात आहेत असं मला वाटतं.

पाया मात्र चांगला निघाला. दोन खड्डे खणले, काळी माती संपून दोन मीटरवर घट्ट मुरूम लागला, फुटिंग, म्हणजे कॉलमखालचा रुंद पाया, मुरुमावरच टेकलेलं. बिल्डरनं इथं पैसे वाचवले नव्हते.

आकडे

जुन्या काँक्रीट इमारतींच्या भूकंप-तपासणीसाठी २०१३ चं १५९८८ हे भारतीय मानक आहे. त्यात आधी एक झटपट चाचणी असते: आडवं बळ सगळ्या कॉलमच्या क्षेत्रफळावर वाटायचं आणि ताण किती येतो ते बघायचं.

इमारतीचं वजन मी १२,५०० किलोन्यूटन धरलं, म्हणजे ढोबळ १२५० टन. झोन ३, मध्यम-कडक जमीन, साधी चौकट, या हिशोबानं आडवं बळ आलं ८३३ किलोन्यूटन. इमारतीचं उरलेलं आयुष्य कमी म्हणून हे बळ घटवायची मुभा मानक देतं, ०.७ पटीच्या खाली मात्र जायचं नाही. तेवढी पूर्ण सवलत दिली की उरतात ५८३. चोवीस कॉलमवर वाटून, त्या-त्या दिशेच्या चौकटींच्या संख्येनुसार मानकात सांगितलेली वाढ धरल्यावर ताण लांबीच्या दिशेनं ०.२८ आणि रुंदीच्या दिशेनं ०.३१ न्यूटन प्रति चौरस मिलिमीटर. आपल्या साडेअकराच्या काँक्रीटला मर्यादा ०.३४.

म्हणजे पास. आणि नेमकी हीच जागा धोक्याची आहे. असा एक पानी अहवाल देऊन फी घेऊन मोकळं होता येतं, आणि तसे अहवाल मी पाहिलेले आहेत. या चाचणीला २४ कॉलमचं क्षेत्रफळ दिसतं; ते कुठल्या अंगावर उभे आहेत हे दिसत नाही, रिंगा दिसत नाहीत, वर खोकं आहे आणि खाली पोकळी आहे हेही दिसत नाही. २००२ च्या मानकानं मोकळ्या तळमजल्याच्या कॉलमना अडीच पट बळ धरायला सांगितलं होतं. २०१६ मध्ये त्याही पुढं जाऊन अशा मजल्यात काँक्रीटच्या भिंती किंवा तिरके टेकू देण्यावर भर आला. नुसतं अडीचनं गुणलं तरी ०.२८ चे ०.७० होतात आणि ०.३१ चे ०.७८. मर्यादेच्या दुपटीहून जास्त.

मग संगणकावर पूर्ण प्रतिकृती केली, वरच्या भिंती तिरक्या टेकूंच्या रूपात घालून, आणि तिला बाजूनं हळूहळू ढकलत नेलं. कोणता भाग आधी हार मानतो ते यात टप्प्याटप्प्यानं कळतं. लांबीच्या दिशेनं ढकलल्यावर पहिले दोन जिन्याजवळचे आखूड कॉलम गेले, मग मीटरच्या जागेतला, मग पार्किंगमधले बाकीचे जवळजवळ एकदम, पायथ्याला आणि माथ्याला. तोवर वरच्या मजल्यांवर काहीच झालं नव्हतं. गच्चीची सरक शंभर धरली तर त्यातली पंच्याऐंशी एकट्या पार्किंगमधली होती. काकूंच्या भिंतीवरची भेग त्या पडद्यावर शेवटपर्यंत आली नाही.

टाक्यांचा वाद

बैठक गच्चीवर झाली. गच्चीच्या नैऋत्य कोपऱ्यात हजार लिटरच्या बारा काळ्या टाक्या ओळीनं. २०१६ च्या उन्हाळ्यात मिरजेहून रेल्वेनं लातूरला पाणी आणावं लागलं, तेव्हा ज्यानं-त्यानं आपापली टाकी चढवली. नैऋत्येलाच, कारण वास्तुशास्त्र. बैठकीचा पहिला अर्धा तास या टाक्यांवर गेला. एक भाऊ म्हणाले, "एवढं वजन एका कोपऱ्याला, बिल्डिंग तिकडंच कलणार ना? टाक्या उतरवू, विषय संपला."

बारा टाक्या म्हणजे बारा टन, साडेबाराशेमधले. एक टक्का. त्या एका कोपऱ्यात असल्यानं इमारत किंचित पिळली जाते हे खरं, त्यांच्याखालच्या स्लॅबवर ठरलेल्यापेक्षा जास्त भार आहे हेही खरं, आणि टाक्या बांधून ठेवलेल्या नाहीत म्हणून घरंगळतील हेही. टाक्या वाटून, कॉलमच्या डोक्यावर ठेवा, असं मी लिहून दिलं. पण त्यानं पार्किंगचे आकडे हलत नाहीत. स्वस्त उपाय डोळ्यासमोर असला की माणूस त्यालाच रोगाचं नाव देतो, आणि मला त्यांचा राग आला नाही. पाच फ्लॅटचं भाडं हीच काहींची पेन्शन आहे.

दुसरी सूचना आली, पार्किंगला चहूबाजूनं कमरेइतक्या भिंती बांधू. मी घाईनं नको म्हणालो. त्यानं चोवीसच्या चोवीस कॉलम आखूड झाले असते.

मी सुचवलेलं काम असं. पार्किंगच्या मजल्यात काँक्रीटच्या चार भिंती, २०० मिलिमीटर जाड, प्रत्येक एका गाळ्याइतकी, म्हणजे दोन कॉलममधल्या अंतराइतकी, लांब. दोन रुंदीच्या दिशेनं, दोन्ही टोकांना, तिथं कुणाचीच गाडी अडत नाही. दोन लांबीच्या दिशेनं, एक मागच्या रांगेत आणि एक पुढच्या रांगेत. भिंत आडवं बळ घेते तेव्हा तिचं एक टोक दबतं आणि दुसरं उचललं जातं, म्हणून भिंतींखाली जुनी फुटिंगं जोडून रुंद करायची. सगळ्या २४ कॉलमना १०० मिलिमीटरचं नवं जॅकेट: जुना पृष्ठभाग टोचून खडबडीत करायचा, नव्या उभ्या सळया पायातून वर घ्यायच्या, नव्या रिंगा १०० च्या आत आणि टोकं १३५ अंशांत. मीटरच्या जागेतली भिंत कॉलमपासून सुटी करायची, मध्ये फट ठेवून. खर्च फ्लॅटमागं पावणेदोन लाखांच्या घरात.

इमारत धक्क्यानंतर जशीच्या तशी राहील असं मी लिहून दिलेलं नाही. एका विद्यार्थ्याच्या वडिलांनी तसं विचारलं होतं. वरच्या भिंती तडकतील, प्लास्टर पडेल, कदाचित इमारत पुढं वापरताही येणार नाही. सत्तर माणसांनी जिन्यानं खाली उतरून रस्त्यावर यावं, एवढंच ध्येय धरलं आहे.

पैसे जमायला पाच महिने लागले. तीन कुटुंबांनी हप्ते मागितले. एका फ्लॅटचे मालक पुण्यात असतात, त्यांनी पहिल्याच दिवशी सगळे पैसे पाठवले आणि नंतर एकदाही फोन केला नाही.

काम सुरू झालं त्या दिवशी फिटरनं साठ रिंगा वाकवून ठेवल्या होत्या, सगळ्या काटकोनात. वीस वर्षांची हाताची सवय. त्याच्याशी न भांडता उघडून ठेवलेल्या कॉलमपाशी त्याला नेलं आणि जुन्या रिंगेचं टोक पान्यानं ओढायला सांगितलं. बाहेरचं कव्हर आम्ही आधीच काढलेलं होतं. एका झटक्यात ते उघडलं. त्यानं साठच्या साठ रिंगा पुन्हा वाकवल्या. दुसऱ्या दिवशी त्यानं वाकवायच्या फळीवर १३५ अंशांची खूण म्हणून दोन खिळे ठोकलेले दिसले.

जॅकेटं सगळी झाली. भिंती तीन झाल्या, दोन्ही टोकांच्या आणि मागच्या रांगेतली. पुढच्या रांगेतली चौथी अडली आहे, कारण तिच्यामुळं दोन कारची जागा जाते आणि त्यातली एक जागा ज्यांची आहे त्यांनी ती फ्लॅटबरोबर वेगळे पैसे मोजून घेतली होती. क्रम ठरवताना चूक माझी झाली. मागची भिंत निर्वेध होती म्हणून ती आधी उरकली. आता मागची बाजू ताठ आणि पुढची त्यामानानं सैल, अशी स्थिती आहे. तीन भिंतींसह प्रतिकृती पुन्हा चालवली तेव्हा मागच्या रांगेतले कॉलम जेमतेम हलतात, पुढच्या रांगेचे मात्र त्यांच्या अडीच पट सरकतात, कारण इमारत लांबीच्या धक्क्यात थोडी पिळली जाते. टोकांच्या दोन भिंती ते पिळणं धरून ठेवतात म्हणून आधीपेक्षा परिस्थिती बरी आहे, पण हे आमचं ठरलेलं काम नव्हे.

कारच्या जागेच्या बदल्यात मागची दुचाकींची पूर्ण ओळ त्या कुटुंबाला द्यावी, असा ठराव गुरुजींनी लिहून ठेवला आहे. रविवारी बैठक आहे. मी पुढच्या रांगेच्या सरकण्याचा कागद मोठ्या अक्षरांत छापून घेतला आहे. गुरुजी तो लाकडाचा तुकडाही आणणार आहेत म्हणाले.